आधी आम्हाला तर विचारा!

‘तुम्हाला काय हवंय?’ हा प्रश्न आपल्याला आयुष्यात किती वेळा विचारला जातो हो, मैत्रिणींनो? भाजी काय करू, हे आपण रोज सगळ्या घराला विचारतो. पण घर बांधताना ओट्याची उंची किती ठेवायची, हे ठरवतो गवंडी. ओट्यापाशी तीस-चाळीस वर्षं उभं राहणार आपण आणि माप मात्र घेतलं जातं त्याच्या कमरेचं! मग आयुष्यभर पाठ दुखते आणि आपणच म्हणतो, ‘वय झालं आता.’

हे नुसतं घरापुरतं असतं, तर हसून सोडून दिलं असतं. पण मोठ्या मोठ्या योजनांचंही असंच होत आलंय. तुमच्यापैकी काही जणींना ती निर्धूर चूल आठवत असेल. केंद्र सरकारनं १९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. हेतू सोन्यासारखा होता. बायकांच्या डोळ्यांतला आणि छातीतला धूर कमी व्हावा, सरपण वाचावं. देशभरात तीन कोटींहून जास्त चुली बसल्या. आणि २००२ मध्ये तो कार्यक्रम बंद झाला. कारण कागदावर चुली भरपूर होत्या आणि परसात मात्र बायका पुन्हा आपल्या जुन्या तीन दगडांकडे वळल्या होत्या.

का वळल्या? कुणाचं भांडं त्या चुलीच्या तोंडावर नीट बसेना. लाकूड बारीक फोडून घालावं लागे, म्हणजे आणखी एक काम वाढलं. धुराडं काजळीनं भरलं, की साफ कुणी करायचं ते ठाऊक नाही. आणि आपल्या नगरी बाजरीच्या भाकरीचं काय? तव्यावरून काढलेली भाकरी चुलीच्या तोंडाशी आरावर उभी करून फुगवायची असते. ते तोंडच लहान केलं तर भाकरी फुगणार कशी? हे सांगायला पदवी लागत नाही. कोणत्याही बाईनं दोन मिनिटांत सांगितलं असतं. पण विचारायला हवं होतं ना!

आता तुम्ही म्हणाल, आज हे चुलीचं पुराण कशासाठी? कारण परवा माझ्या भाचीनं जे सांगितलं, ते ऐकून मला पहिल्यांदा चूलच आठवली.

माझी भाची पुण्यात एका छोट्या कंपनीत कामाला आहे. मोबाइलवरची अ‍ॅप्स बनवतात ती मंडळी. अ‍ॅप दिसायला कसं असावं, कुठलं बटण कुठे असावं, लोकांना ते कळतं का, हे बघणं तिचं काम. त्यासाठी आधी लोकांना भेटावं लागतं. दहा-पंधरा माणसं गाठायची, त्यांच्याशी गप्पा मारायच्या, त्यांच्या हातात मोबाइल द्यायचा आणि ती कुठे अडतात ते गपचूप बघायचं. याला त्यांच्या धंद्यात ‘यूजर रिसर्च’ म्हणतात. साध्या भाषेत सांगायचं तर शिवण्याआधी अंगावरून माप घेणं.

सध्या त्यांच्याकडे बचत गटांसाठी एका अ‍ॅपचं काम आलंय. गटाचं रजिस्टर, मासिक बचत, अंतर्गत कर्ज, हप्ते, हे सगळं मोबाइलवर. ती मला फोनवर म्हणाली, ‘‘मावशी, या वेळी आम्ही बायकांना भेटायला गावोगाव जाणार नाही म्हणे. आमचे साहेब म्हणतात, वेळ नाही, पैसे नाहीत. आता कृत्रिम बुद्धिमत्तेलाच बाई बनवायचं आणि तिलाच प्रश्न विचारायचे.’’

मला आधी कळेचना. ‘‘बाई बनवायचं म्हणजे?’’

‘‘म्हणजे यंत्राला सांगायचं, तू अहिल्यानगर जिल्ह्यातली बेचाळीस वर्षांची शेतकरी बाई आहेस, सातवी शिकलेली, दोन मुलं, बचत गटाची सदस्य. आता या प्रश्नांची उत्तरं दे. ते देतं. अशा पन्नास बायका अर्ध्या तासात तयार होतात.’’

पन्नास बायका, अर्ध्या तासात! आपल्याकडे हळदीकुंकवाला पन्नास बायका गोळा करायच्या तर आठ दिवस आधीपासून निरोप पाठवावे लागतात.

गंमत बाजूला ठेवू. हे खूळ एकट्या तिच्या कंपनीचं नाही, जगभर चाललंय. याला ‘सिंथेटिक यूजर्स’, म्हणजे कृत्रिम सहभागी म्हणतात. परदेशात तर हीच सेवा विकणाऱ्या कंपन्या आहेत. भाचीनं मला बरंच काही वाचायला पाठवलं. जे कळलं ते तुम्हाला माझ्या भाषेत सांगते.

चॅटजीपीटी, जेमिनी ही नावं आता आपल्या घरातल्या पोरांच्या तोंडी असतात. ही यंत्रं कशी बोलतात? त्यांना इंटरनेटवरचा आणि पुस्तकांतला प्रचंड मजकूर वाचायला दिलेला असतो. त्यावरून अमुक शब्दानंतर तमुक शब्द येण्याची शक्यता किती, हे ती शिकतात. पुढे माणसं त्यांना नीट, नम्रपणे उत्तरं द्यायला शिकवतात. थोडक्यात, यंत्र बाईला भेटलेलं नसतं. बाईबद्दल जे लिहिलं गेलंय, ते त्यानं वाचलेलं असतं. या दोन गोष्टींत किती अंतर आहे, ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

तरी ही कल्पना अगदीच वेडगळ आहे असं नाही बरं का. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या संशोधकांनी असा प्रयोग छापला होता. तिथल्या मतदारांचं वय, वंश, राजकीय कल असं वर्णन यंत्राला दिलं आणि त्याची उत्तरं खऱ्या पाहण्यांशी ताडून पाहिली. बरीच जुळली. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मंडळींचा आणखी मोठा प्रयोग पुढे आला. त्यांनी १,०५२ खऱ्या माणसांच्या प्रत्येकी सुमारे दोन तास मुलाखती घेतल्या. त्या मुलाखती यंत्राला दिल्या आणि प्रत्येक माणसाची एक प्रतिकृती तयार केली. आता गंमत बघा. माणसाला आज विचारलं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तेच विचारलं, तर त्याची स्वतःची उत्तरंही शंभर टक्के जुळत नाहीत. आपलंही तसंच असतं की! तर माणूस स्वतःशी जितका जुळतो, त्याच्या ८५ टक्के ती प्रतिकृती त्याच्याशी जुळली.

हे वाचून मीही थक्क झाले. पण एक गोष्ट लक्षात घ्या. ती प्रतिकृती एवढी जुळली, कारण आधी त्या खऱ्या माणसाजवळ बसून कुणीतरी दोन तास ऐकून घेतलं होतं. आणि ती माणसं अमेरिकेतली होती. त्यांच्याबद्दल, त्यांच्या भाषेत, मजकुराचे डोंगर पडलेत. पारनेरच्या, पाथर्डीच्या, अकोल्याच्या बाईबद्दल कितीसं लिहिलं गेलंय? आणि जे लिहिलंय, ते तिनं स्वतः लिहिलंय का?

हार्वर्डमधल्या काही संशोधकांनी २०२३ मध्ये हेच तपासलं. एखादा देश संस्कृतीनं अमेरिकेपासून जितका दूर, तितकी यंत्राची उत्तरं त्या देशातल्या माणसांच्या उत्तरांपासून दूर जातात, असं त्यांना आढळलं. २०२५ मध्ये ‘नेचर मशीन इंटेलिजन्स’ या नियतकालिकात आणखी एक अभ्यास आला. यंत्राला एखाद्या समाजगटातल्या माणसाचं सोंग घ्यायला सांगितलं, की ते त्या गटातली माणसं स्वतःबद्दल जे सांगतात तसं बोलत नाही. बाहेरची माणसं त्या गटाबद्दल जे समजतात, तसं बोलतं. शिवाय त्या गटातली सगळी माणसं त्याला एकाच साच्यातली वाटतात. म्हणजे सासूला विचारलं, ‘तुमच्या सुनेला काय आवडतं?’ आणि सासूनंच सुनेचा आवाज काढून उत्तर दिलं, तर जे होईल ते.

आणखी एक अभ्यास मला फार आवडला, कारण तो आपल्या स्वभावावर बोट ठेवतो. निल्सन नॉर्मन ग्रुप ही या क्षेत्रातली अमेरिकेतली जुनी संस्था. २०२४ मध्ये त्यांनी कृत्रिम सहभागींना विचारलं, तुम्ही ऑनलाइन कोर्स घेतले होते, ते पूर्ण केले का? ते म्हणाले, हो, केले. खरी माणसं मात्र सांगत होती की बरेच कोर्स अर्ध्यावर सोडले. बघा, यंत्राचा माणूस गुणी बाळासारखा असतो. त्याला कंटाळा येत नाही, त्याच्या घरी पाहुणे येत नाहीत, त्याची म्हैस ऐन वेळी विते असं होत नाही. आणि विचारणाऱ्याला काय ऐकायचंय, हे त्याला आधीच कळलेलं असतं.

भाचीनं मला त्यांच्या यंत्राच्या बायकांची उत्तरं पाठवली होती. त्यातल्या एकीनं म्हटलं होतं, ‘हे अ‍ॅप माझ्या आर्थिक सक्षमीकरणाच्या प्रवासात महत्त्वाची भूमिका बजावेल.’ दुसरी म्हणाली, ‘यामुळे माझा वेळ वाचेल आणि व्यवहारात पारदर्शकता येईल.’ तिसरीला माहितीच्या सुरक्षिततेची काळजी होती, पण योग्य प्रशिक्षण मिळाल्यास ती शिकायला उत्सुक होती. मी वाचत गेले आणि मला हसूच आवरेना. भाकरी थापता थापता ‘सक्षमीकरणाचा प्रवास’ असं म्हणणारी बाई तुम्ही कधी पाहिलीये? ही भाषा बायकांची नाही. ही अहवालांची भाषा. यंत्रानं आपल्याबद्दलचे अहवाल वाचलेत, आणि तेच आपल्या तोंडी घातलेत.

मी भाचीला म्हटलं, ‘‘तुझे तेच प्रश्न मला दे. मी विचारून येते.’’

पारनेर तालुक्यातल्या एका गावात माझ्या ओळखीचा एक गट आहे. डेअरीला दूध घालून झालं, की बायका मंदिराच्या ओट्यावर जमतात. त्या दिवशी आठ जणी होत्या. पहिला अर्धा तास यंत्रासारखाच गेला बरं का! ‘‘मोबाइलवर हिशेब आला तर बरं होईल का?’’ असं विचारलं, की सगळ्या एका सुरात, ‘‘हो ताई, लई बरं होईल.’’ पाहुणी आलीये, लांबून आलीये, तिला नाही कशाला म्हणायचं? आपली रीतच ती.

मग चहा झाला. मी वही मिटून ठेवली. तेव्हा कुठे बोलणं सुरू झालं.

एक म्हणाली, ‘‘मोबाइल हाये घरात, पण तो पोरगं कॉलेजला घेऊन जातं. सांजच्याला येतं, तवर मी दूध घालाया गेलेली असते.’’ दुसरीचा मोबाइल स्वतःचा होता, पण रिचार्ज संपलेला. कांद्याचे पैसे आले की टाकणार होती. तिसरी म्हणाली, ‘‘रजिस्टरवर मी सही करते ना, ती मला आवडते. चार वर्षांमागं अंगठा होता माझा. बटण दाबलं तर सही कुठं करायची?’’ हे ऐकून मी गप्पच झाले. सही हा तिच्या दृष्टीनं नुसता हिशेबाचा भाग नव्हता. ती तिची कमाई होती.

चौथीचं माहेर पाथर्डीकडचं. तिनं तिथल्या गटाचं सांगितलं. दिवाळीनंतर अर्ध्या बायका कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, त्या उन्हाळ्यात परततात. तोवर बैठकीला खाडा. भाचीच्या अ‍ॅपमध्ये सलग तीन बैठका चुकल्या की सदस्य आपोआप ‘निष्क्रिय’ होणार होती. यंत्राच्या पन्नास बायकांपैकी एकीनंही यावर हरकत घेतली नव्हती. त्यातली एकही तोडीला गेलेली नव्हती ना!

आणि खरी गोष्ट तर निघता निघता कळली. सगळ्या पांगल्यावर एक जण माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आली. तिनं परवानगी दिलीये म्हणून सांगते, बाकी काही विचारू नका. ती हळूच म्हणाली, ‘‘ताई, ते पैसं भरलं की मेसेज येतो म्हनलात, तो कुनाच्या नंबरावर येनार?’’ गटाच्या कागदावर तिच्या नवऱ्याचा नंबर होता. गटात तिचे थोडे पैसे साठलेत, ते घरात कुणाला ठाऊक नाहीत. मुलगी बारावीला आहे, तिला पुढे नर्सिंगला घालायचंय. ‘‘त्येंना कळलं तर राहतील का पैसं?’’ एवढंच तिनं विचारलं.

भाचीच्या अ‍ॅपमध्ये दर महिन्याला बचतीची एकूण रक्कम नोंदवलेल्या नंबरवर मेसेजनं जाणार होती. चांगल्या हेतूनंच बरं, पारदर्शकता म्हणून! यंत्राच्या बायकांनी तर या सोयीचं कौतुक केलं होतं. एका मेसेजनं त्या मुलीचं नर्सिंग गेलं असतं, आणि पुण्यातल्या कचेरीत कुणाला त्याचा पत्ताही लागला नसता.

हे यंत्राला का सुचू नये? कारण ही गोष्ट कुणी लिहून ठेवत नाही. आठ जणींत बसूनही ती बोलली जात नाही. ती रस्त्याच्या कडेला, कुणी बघत नाहीसं पाहून, विश्वास वाटला तरच सांगितली जाते. जे कधी लिहिलंच गेलं नाही, ते यंत्र वाचणार कुठून?

आपल्याच जिल्ह्यात याचा फार मोठा धडा आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे डॉक्टर जोडपं जामखेडला आलं. वेल्लोरला वैद्यकीय शिक्षण, मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलेली ही माणसं. गावाला काय हवंय, ते पुस्तकांवरून ठरवायला त्यांच्याइतकं लायक कोण होतं? पण त्यांनी गावाला विचारलं. गावानं दवाखाना मागितला नाही. पाणी आणि अन्न मागितलं. मग डॉक्टरांनी आधी पाण्याची, धान्याची कामं हाती घेतली. पुढे गावोगाव शिकलेल्या नर्स पाठवून पाहिल्या, तर त्या गावात रुळेनात आणि गावाच्या बायका त्यांच्यापाशी मन मोकळं करेनात. तेव्हा त्याच गावातल्या बायकांना शिकवायचं ठरलं. त्यातल्या कितीतरी निरक्षर, कितीतरी दलित. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, शिकत आणि आपल्या गावात काय चाललंय ते डॉक्टरांना शिकवत. जागतिक आरोग्य संघटनेनं १९७५ मध्येच या कामाची दखल एका पुस्तकात घेतली आणि १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जगभरातून माणसं जामखेडला शिकायला येऊ लागली. काय शिकायला? तर आधी विचारायचं कसं, हे.

आणि अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे? शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. पण गावरान वाण त्यांनी जपले, आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कुठलं बी कुठल्या मडक्यात, राखेत कसं ठेवायचं, हे त्यांना आईबापांकडून, हातानं काम करता करता आलं. त्यांच्याकडे कुणी गेलं नसतं, तर कुठल्या यंत्राला ते ठाऊक असतं?

उलट, न विचारता केलेल्या गोष्टींचं काय होतं, तेही आपण अलीकडेच पाहिलंय. २०२१ मध्ये अंगणवाडी सेविकांना ‘पोषण ट्रॅकर’ हे अ‍ॅप आलं. माहिती इंग्रजीत भरायची, आणि हातातले सरकारी मोबाइल तापणारे, अडकणारे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते मोबाइल सरकारला परत केले. मग सप्टेंबर २०२५ मध्ये लाडक्या बहिणींचं ई-केवायसी आलं. त्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यावरचा ओटीपी मागितला गेला. आता ही योजना विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता अशा बायकांसाठीही आहे. जिचा नवरा गेला आणि वडीलही गेले, तिनं ओटीपी कुणाकडे मागायचा? ओरड झाल्यावर अशा बायकांसाठी वेगळी सोय करण्यात आली आणि मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढली. पण तोवर किती जणींनी सेतू केंद्राच्या रांगेत दिवस घालवले, मजुरी बुडवली, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. फॉर्म करण्याआधी एका गल्लीतल्या पाच बायकांना विचारलं असतं तरी हे कळलं असतं.

हे सगळं मी भाचीला सांगितलं. ती पोरगी हुशार. तिनं मला उलट विचारलं, ‘‘मावशी, तू म्हणतेस ते पटतंय गं. पण आधी तरी आम्ही कुठे सगळ्यांना विचारत होतो? पैसे नसले की साहेबांच्या अंदाजानंच काम व्हायचं. त्यापेक्षा यंत्र बरं नाही का? काहीच नाही त्यापेक्षा काहीतरी.’’

प्रश्न खोटा नाही. मी दोन दिवस त्यावर विचार केला. मग मला असं वाटलं, की साहेबाचा अंदाज हा अंदाज म्हणूनच ओळखला जायचा. ‘मला वाटतं, बायकांना हे आवडेल,’ असं साहेब म्हणाला, तर समोरचा म्हणू शकायचा, ‘कशावरून?’ आता तोच अंदाज बाईचं नाव, वय, गाव लावून येतो. अहवालात छापून येतं, ‘पन्नास ग्रामीण महिलांची मतं घेतली.’ मग ‘कशावरून?’ असं कुणी विचारत नाही. उलट उद्या खरी बाई जाऊन म्हणाली, ‘अहो, हे मला नको,’ तर तिलाच सांगतील, ‘पन्नास जणींना हवंय, तुमचंच काय वेगळं?’ आपण बोललोच नाही, आणि आपल्या नावानं बोलणं झालं! चुलीच्या वेळी निदान कुणी म्हणत नव्हतं की ही चूल बायकांनीच मागितली.

म्हणून यंत्र मोडीत काढा असं मी म्हणणार नाही. भाचीशी बोलून आम्ही दोघींनी त्याला कामही वाटून दिलं. प्रश्न अवघड झालेत का, एका प्रश्नात दोन प्रश्न शिरलेत का, मराठी पुस्तकी झालीये का, हे त्यानं तपासावं. तालमीला ते चांगलं. नाटकाची तालीम रिकाम्या खुर्च्यांपुढे होते, त्यात चूक काही नाही. पण रिकाम्या खुर्च्यांनी टाळ्या वाजवल्या असं कुणी सांगू नये. निर्णय घ्यायचा तर खऱ्या माणसाला भेटून घ्यावा, आणि जिथे यंत्राला विचारलंय तिथे अहवालात तसं स्वच्छ लिहावं.

तिच्या साहेबांना हे पूर्ण पटलंय असं नाही. पण मेसेजची गोष्ट ऐकून ते जरा चपापले. आता मेसेज आपोआप जाणार नाही, बाईनं स्वतः हवा म्हटलं तरच जाईल. ‘निष्क्रिय’चा नियमही काढलाय. सहीचं काय करायचं, ते अजून ठरत नाहीये. पुढच्या महिन्यात एक दिवस ते स्वतः गटाच्या बैठकीला येणार आहेत म्हणे. मी भाचीला सांगून ठेवलंय, संध्याकाळी दूध घालायच्या वेळेच्या आत येऊ नका, आणि चहा होईपर्यंत वही उघडू नका.

आता थोडं आपल्याबद्दल. विचारणारा आला, तर आपण तरी खरं सांगतो का? ‘सगळं चांगलं आहे’ म्हणून त्याला वाटेला लावायची सवय आपल्यालाही आहे. कुणी पाहणीला आलं, फॉर्म भरायला आलं, नवं अ‍ॅप शिकवायला आलं, तर चार गोष्टी जरूर करा. एक, हे कुणासाठी आहे आणि आधी कुणाला विचारलंत, ते विचारा. ‘महिलांची मतं घेतलीत’ असं म्हणाले, तर कुठल्या गावच्या, असं विचारा. दोन, जमत नसेल, नको असेल, तर नाही म्हणा. नाही म्हणणं हीसुद्धा मदतच असते. तीन, घरच्यांसमोर सांगता येत नसेल, तर तसं सांगा आणि बाईमाणसाला एकटीला बोलू द्या म्हणा. चार, कुणाच्या नंबरवर काय मेसेज येणार, हे विचारल्याशिवाय अंगठा नको, सही नको, ओटीपी तर मुळीच नको.

आणि गावात हक्काची जागाही आहे की आपली. नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. ती बऱ्याच ठिकाणी कागदावरच उरकतात, रजिस्टर घरोघरी फिरवून सह्या घेतात. तेही एका अर्थी कृत्रिम सहभागीच झाले, नाही का? तिथे यंत्र नाही, पण आपण नसताना आपण होतो असं लिहिलं जातं. पुढच्या वेळी रजिस्टर दारात आलं, तर सही करण्याआधी म्हणा, सभा कधी आहे ते सांगा, मी येते.

जिल्ह्याचं नाव बदलून अहिल्यानगर झालं, गावात फोर-जी, फाइव्ह-जी आलं, उद्या आणखी काय काय येईल. येऊ द्या. चांगल्या गोष्टी हव्यातच आपल्याला. फक्त आपल्यासाठी काही करणार असाल, तर दोन घटका ओट्यावर येऊन बसा, चहा घ्या, आणि आधी आम्हाला विचारा, एवढंच त्यांना सांगायचं. आणि त्यांनी विचारलं, की मग आपणही मोकळेपणानं बोलायचं. तुमच्या गावात असं न विचारता काय काय आलं, आणि त्याचं पुढे काय झालं? कळवा नक्की. वाट बघते.